तेलात हवा नाही असे समजा

लोणबेहळ फाट्यावर मुकिंदा कुमरेचं गॅरेज :
चार टिनं, एक कडुनिंब,
आणि तेल पिऊन पिऊन इतकी काळी झालेली जमीन
की श्रावणातही तिथं गवत धजत नाही.

आर्णीची बस मला इथं सोडते.
पुढं गावाची काळीपिवळी भरेस्तोवर तासभर जातो,
तेवढ्यात मी फिजिक्स उरकते
उलट्या ठेवलेल्या ग्रीसच्या डब्यावर बसून.

ठवरे सरांचं उदाहरण :
लहान दट्ट्याची त्रिज्या दोन सेंटिमीटर,
मोठ्याची वीस,
मोठ्यावर दीड हजार किलोची गाडी.
लहानावर भार किती?

सोपं होतं.
त्रिज्या दहापट, म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट,
दाब इकडं जेवढा तेवढाच तिकडं,
उत्तर पंधरा किलो.
पंधरा किलो म्हणजे आमची करडी पाठ,
एकदाही न व्यालेली.
तिला एका नळीवर उभी केली
की दुसरीवर जीप उचलली जाणार!
मला एकटीलाच हसू आलं.

समोर मुकिंदाकाका ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्याखाली
जॅक लावून दांडा मारत होता.
धुरा चार बोटं उठला.
काकानं घाम पुसला, तोवर दोन बोटं खाली.
पुन्हा दांडा. पुन्हा तेच.
दांडा हाताला लागत होता भिजलेल्या गादीसारखा.

मी वही दाखवली.
त्यानं हात न पुसताच पान धरलं,
शंभरावर त्याचा अंगठा उमटला.
"गणित बरोबर हाय वं तुहं.
पन थ्या गणितात हवा नाही."

मग त्यानं वॉल्व्ह सैल केला,
दांडा रिकामाच मारत राहिला, दहा-बारा वेळा.
आतून बुडबुडे आले,
पाण्यात बुडवलेल्या तांब्यासारखे, गुरगुरत.
"हवा दबते. तेल दबत नाही.
तू जोर लावतं, हवा थो जोर खाऊन घेते,
ट्रॅक्टरपर्यंत पोचूच देत नाही."
वरून तेल ओतलं, झाकण लावलं.
आता दांडा कडक.

पण एवढ्यानं संपलं नाही.
धुरा उठला, थांबला,
आणि अगदी हळू, डोळ्याला न दिसता, उतरू लागला.
काका कान लावून बसला जॅकशी.
"वाशर गेलं."
आठ रुपयांचं रबर.
दाब सगळीकडं सारखा पोचतो, असं पुस्तकात आहे;
सगळ्यात जुन्या रबरालाही तेवढाच पोचतो,
हे मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

नवं वाशर बसवून काकानं पुन्हा दांडा धरला.
मी मोजत होते.
एक वीत उचलायला लहान दट्ट्याला
शंभर विता चालावं लागतं, माझ्या उत्तराप्रमाणं.
जॅकवर कोणी त्रिज्या लिहून ठेवलेली नव्हती,
पण सत्तरच्या पुढं माझी मोजणी चुकली
आणि काकाचा श्वास नाही चुकला.
पंधरा किलो खरं, पण किती वेळा?
सरांनी ते विचारलंच नव्हतं.

धुरा वर राहिला. हलला नाही.
तरी काकानं बाभळीचे दोन ठोकळे सरकवले खाली,
हातानं ठोकून पाहिले,
मगच आत घुसला.
"जॅकवर भरवसा ठेवाव.
अंग ठोकळ्याच्या भरवशावर घालाव."

गाडीवाल्यानं हॉर्न दिला.
बसल्या बसल्या उत्तराखाली दोन ओळी लिहिल्या :
गृहीत – तेलात हवा नाही.
गृहीत – वाशर नवे आहे.

वही परत मिळाली सोमवारी.
पंधरा किलोला बरोबरची खूण.
दोन ओळींभोवती लाल गोल, शेजारी प्रश्नचिन्ह.
आणि शंभरावरच्या काळ्या अंगठ्यापाशी
सरांच्या बारीक अक्षरात :
वही स्वच्छ ठेवावी.